फायनलसाठी यजमान शहरात जायचंय? आधी रात्रीची परतीची वाट ठरवा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब फुटबॉल स्पर्धेच्या फायनलच्या तिकिटांसाठी सोडतीत नाव टाकलंय, तर हॉटेल आत्ताच घ्यावं की तिकीट लागल्यावर? मुक्काम स्टेडियमजवळ हवा की शहराच्या मध्यात? आणि सामन्याच्या दिवशी किती लवकर निघायचं? तिन्हींची उत्तरं एकाच प्रश्नातून निघतात: सामना संपल्यावर तुम्ही स्टेडियमपासून मुक्कामापर्यंत कसे पोचणार? आधी तो सोडवा, मग हॉटेल घ्या आणि शेवटी विमान. बहुतेक जण नेमके याच्या उलट क्रमाने जातात आणि मध्यरात्री अडकतात.

सुरुवात वेळेच्या हिशेबाने करा. ९० मिनिटांचा खेळ, १५ मिनिटांची विश्रांती आणि भरपाईची मिनिटं धरली की दोन तास जवळजवळ संपतात. जादा वेळ आणि पेनल्टी आल्या तर पावणेतीन तास होतात, चषक वितरण पाहायचं असेल तर सव्वातीन. सामना रात्री ९ चा असेल तर फाटकाबाहेर पडेपर्यंत सव्वाबारा वाजले असं धरून चाला. बुडापेस्टला २०२३ ची युरोपा लीग फायनल पेनल्टीपर्यंत गेली आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली होती. २०२६ पासून चॅम्पियन्स लीग फायनल मध्य युरोपीय वेळेनुसार संध्याकाळी ६ ला ठेवण्याचा निर्णय युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने, घेतला, त्यामुळे शेवटच्या गाड्या मिळण्याची शक्यता बरीच वाढते. बाकीच्या स्पर्धांच्या फायनलला ही वेळ गृहीत धरू नका. आणि यजमान शहराची स्थानिक वेळ वेगळी असू शकते: २०२३ ला इस्तंबूलमध्ये सामना तिथल्या घड्याळाने रात्री १० ला सुरू झाला होता.

आता स्टेडियमचा नकाशा उघडा आणि एकच गोष्ट मोजा: चालत जाण्याच्या अंतरात वेगवेगळ्या मार्गांची किती स्थानकं आहेत. लंडनच्या वेम्बलीला तीन आहेत. वेम्बली पार्कला मेट्रोच्या जुबिली आणि मेट्रोपॉलिटन लाइन, वेम्बली स्टेडियम स्थानकावरून मॅरिलबोनला जाणारी रेल्वे, आणि वेम्बली सेंट्रलला तिसराच मार्ग. एक तुंबलं तर दुसरीकडे वळता येतं. म्युनिकचं मैदान उत्तम आहे, पण गर्दी मुख्यतः यू-६ या मेट्रो मार्गाच्या फ्रॉट्मानिंग स्थानकावरच येते. अशा ठिकाणी मागच्या गर्दीत तासभर उभं राहण्यापेक्षा एक स्थानक पुढे, म्हणजे कीफर्नगार्टनपर्यंत चालत जाणं बरं. बुडापेस्टच्या पुश्काश अरेनाजवळ एम-२ मेट्रोचं स्थानक आहे, पण तिथून चालत केलेती रेल्वे स्थानकाला गेलात तर एम-२ बरोबर एम-४ ही मिळते. सामन्यानंतर मेट्रो-रेल्वे स्थानकाची दारं पोलीस टप्प्याटप्प्याने उघडतात, फलाटावर चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून. त्यामुळे रांग हलत नाहीये असं वाटलं तरी घाबरू नका, पण पर्यायी स्थानकाचा रस्ता आधीच पाहून ठेवा. त्या क्षणी मोबाइलचं नेटवर्क बहुधा दगा देतं, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

सर्वात कठीण प्रकार म्हणजे शहराबाहेरचं मैदान. इस्तंबूलचं अतातुर्क ऑलिंपिक स्टेडियम शहराच्या मध्यापासून २० किलोमीटरहून जास्त दूर आहे. २०२३ ला तिथे जाणाऱ्या बस वाहतुकीत रखडल्या आणि चाहते तासन्‌तास अडकले. शिवाय त्या शहराला दोन विमानतळ आहेत. त्यातला साबिहा ग्योकचेन आशियाई बाजूला आहे आणि मैदान युरोपीय बाजूला. स्वस्त तिकीट तिथलं मिळालं म्हणून घेतलं, तर सगळं शहर ओलांडावं लागतं. अशा मैदानासाठी शटल बसवर विसंबू नका, रुळावरची वाहतूक असेल तर तीच धरा. बस रस्त्यावरच्या गर्दीत अडकते, रेल्वे अडकत नाही. टॅक्सीचं तर नावच काढू नका, सामन्यानंतर आसपासचे रस्ते बंदच असतात.

रेल्वेचाही भरवसा आदल्या दिवशी तपासायचा. पॅरिसला २०२२ च्या फायनलच्या दिवशी आरईआर बी या उपनगरी रेल्वे मार्गावर संप होता, म्हणून गर्दी आरईआर डी कडे वळली. त्या बाजूच्या अरुंद वाटेवर तिकिटांची पहिली तपासणी लावलेली होती, तिथे लोक कोंडले आणि सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. यातून घ्यायचा धडा असा की मैदानाजवळच्या वाहतूक कंपनीची सूचना आदल्या रात्री आणि त्या सकाळी, दोन्ही वेळा वाचा. आणि फाटकं बहुधा तीन तास आधी उघडतात, तर अडीच तास आधी पहिल्या तपासणीपाशी हजर राहा. दीड तास आधी पोचणारा माणूस सगळ्यात दाट गर्दीत सापडतो.

मुक्कामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्टेडियमजवळचं हॉटेल शोधू नका. ते महाग असतं, आणि दुसऱ्या दिवशी सामानासकट बाहेर पडणंही अवघड जातं. त्यापेक्षा स्टेडियमला जाणाऱ्या मार्गावरच, गाडी न बदलता पोचता येईल अशी जागा घ्या. शहर पूर्ण भरलं असेल तर थेट रेल्वेने जोडलेलं दुसरं गाव पाहा: म्युनिकसाठी आउग्सबुर्ग, लंडनसाठी रेडिंग, बुडापेस्टसाठी व्हिएन्नाच्या वाटेवरचं ग्योर. पण अट एकच, सामन्याच्या रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ त्या तारखेच्या वेळापत्रकात पाहायची. नेहमीच्या दिवसाचं वेळापत्रक चालत नाही. सामना सुरू झाल्यापासून सव्वातीन तासांनंतर गाडी नसेल तर त्या गावाचा विचार सोडा.

बुकिंग आत्ताच करा, पण फुकट रद्द करता येणारंच. किमती दोनदा उडी मारतात. पहिली उडी यजमान शहर जाहीर झाल्यावर, दुसरी उपांत्य फेरीचा दुसरा (परतीचा) सामना संपल्याच्या रात्री, कारण फायनलला तेव्हा जेमतेम तीन-चार आठवडे उरतात आणि दोन क्लबांचे चाहते एकदम तुटून पडतात. रद्द करता येण्याची अट केवळ तिकिटाच्या सोडतीसाठी नाही. २०२१ ची फायनल इस्तंबूलहून पोर्तोला हलवल्याची घोषणा सामन्याच्या जवळपास दोन आठवडे आधी झाली. २०२२ ची सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला गेली. एक धोका आणखी: कीव्हला २०१८ मध्ये काही हॉटेलांनी आधीची बुकिंगं रद्द करून दर वाढवले. म्हणून मोठ्या हॉटेलचं बुकिंग छोट्या भाड्याच्या खोलीपेक्षा भरवशाचं. एकाच तारखेला दोन ठिकाणी बुकिंग ठेवलंत तरी चालेल, फक्त फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख फोनमध्ये गजरासह लिहून ठेवा.

तिकिटांचं गणित असं. २०२४ च्या वेम्बली फायनलला दोन्ही क्लबांना प्रत्येकी २५,००० तिकिटं मिळाली आणि सर्वसामान्यांच्या सोडतीत १०,०००. सोडत म्हणजे आधी येईल त्याला नाही, मुदतीत अर्ज केला की सगळे सारखे. २०२५ ला सर्वात स्वस्त तिकीट ९० युरोचं होतं, सर्वात महाग ९५० चं. तिकीट मोबाइलवरच येतं आणि त्यावरचा कोड मैदानाजवळ पोचल्यावर ब्लूटूथने सक्रिय होतो. म्हणून प्रवासाच्या तोंडावर फोन बदलू नका, अॅप आधीच उघडून तिकीट उतरवून घ्या आणि दिवसभर फोटो काढून बॅटरी संपवू नका. बाहेर कोणी स्क्रीनशॉट किंवा छापील तिकीट विकत असेल तर पैसे गेलेच समजा. आणि तिकीट एका क्लबच्या बाजूचं असेल तर दुसऱ्या क्लबची जर्सी घालून जाऊ नका, दारातच अडवतात.

बॅग ए-४ कागदाहून मोठी नसावी. स्टेडियमवर सामान ठेवायची सोय गृहीत धरू नका, मोठं सामान हॉटेलवर किंवा मुख्य रेल्वे स्थानकाच्या लॉकरमध्ये. फायनलच्या दिवशी ते लॉकर दुपारपर्यंत भरतात.

ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) लागतो त्यांनी अर्ज तिकिटाची वाट न पाहता करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उपांत्य सामन्यानंतर अर्ज केलात तर वेळ पुरेलच असं नाही. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा हवा. जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करा. म्हणजे सामना हंगेरीत असून चार रात्री व्हिएन्नात असाल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. फायनल लंडनला किंवा इस्तंबूलला असेल तर शेंगेन व्हिसाने काम भागेलच असं नाही, त्या देशाचे नियम वेगळे पाहा. आणि हंगेरी शेंगेनमध्ये असली तरी चलन फोरिंट आहे, हे लोक विसरतात.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतरचं घ्या. पहाटेपासून सकाळपर्यंत चार्टर विमानं आणि दोन क्लबांचे चाहते यांनी विमानतळ भरलेला असतो, सुरक्षा तपासणीची रांग नेहमीपेक्षा खूपच लांब जाते. शेंगेनबाहेर जाणार असाल तर पासपोर्ट तपासणीसाठी वेळ धरून साडेतीन तास आधी पोचा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं सुरू झालंय, त्यामुळे रांगा आणखी लांबतात.