जांभ्याच्या भिंतीला ओल: आधी बाहेर बघा

वॉटरप्रूफ रंगाचा डबा एवढ्यात आणू नका. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत सलग ओला पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर आलेलं मीठ) असेल, तर पाणी बहुधा पायातून चढतंय. वरून ओघळ असतील तर कौलं तपासा.

बहुतेकदा अंगणात भर पडून माती जोत्यावर चढलेली असते. ती जोत्याच्या सहा इंच खाली उतरवा, पागोळ्यांचं पाणी लांब काढा. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेवर फूटभर जाऊन खरवडा. तो ओल आत कोंडतो, म्हणून ती आणखी वर चढते. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा, धुतलात तर मीठ पुन्हा भिंतीत मुरतं. भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या (घाई इथेच नडते). मग एक भाग चुना, तीन भाग वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचा हात. ऑइलपेंट अजिबात नको.