शाळेतला पोलिस, आपली मुलं आणि प्रिन्सिपलचं काम (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मागच्या वर्षी न्यू जर्सीत आलो, मुलगा सातवीत, पब्लिक स्कूलला जातो. शाळेच्या दारात कमरेला बंदूक लावलेला पोलिस असतो, मुलगा रोज त्याला हाय-फाइव्ह देऊन आत जातो, माणूस चांगला वाटतो खरा. पण परवा कॅफेटेरियात दोन मुलांची ढकलाढकली झाली तर प्रिन्सिपलच्या आधी या ऑफिसरनेच त्यांना बाजूला घेऊन प्रश्न विचारले म्हणे. इथे असंच असतं का? आणि मुलाला काय सांगून ठेवू? – एक आई

उत्तर: ताई, घाबरू नका, पण तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. तो एसआरओ असेल, म्हणजे स्कूल रिसोर्स ऑफिसर, शाळेत नेमलेला पोलिस, किंवा मग क्लास थ्री ऑफिसर. निवृत्त पोलिसांना शाळांसाठी घेता यावं म्हणून तुमच्या राज्याने 2016 मध्ये तसा वेगळा कायदाच केला. हा प्रकार नवीन अजिबात नाही, मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये 1950च्या दशकातच पोलिस शाळेत गेले होते, तेव्हा हेतू असा की मुलांशी ओळख व्हावी. खरा बदल 1990नंतर झाला. 1994चा गन-फ्री स्कूल्स कायदा आला, शाळेत बंदूक आणली तर वर्षभर शाळेबाहेर, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारणच नाही. पण 'झिरो टॉलरन्स'चं, म्हणजे एकही चूक माफ नाही असलं, ते वारं बंदुकीपुरतं थांबलं नाही ना, मारामारी, उलट उत्तर, वर्गात गोंधळ, सगळंच त्यात ओढलं गेलं. त्यात 1999ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला आणि केंद्र सरकारने शाळेत पोलिस ठेवायला पैसे द्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे साडेसहा हजारांवर ऑफिसर नेमले गेले.

आता मला जे खटकतं ते सांगते. माझा राग त्या ऑफिसरवर नाहीये, त्याला हाक मारणाऱ्यावर आहे. 2015मध्ये साउथ कॅरोलायनात एका मुलीने गणिताच्या तासाला फोन बाहेर काढला. सरांनी सांगितलं, ती वर्गाबाहेर जायला तयार नव्हती, मग ॲडमिनिस्ट्रेटर आले, तरी ती उठेना, मग ऑफिसरला बोलावलं आणि त्याने तिला बाकासकट उलटी पाडून फरफटत नेलं, मुलांनी व्हिडिओ काढले म्हणून जगाला कळलं. त्या मुलीला तर अटक झालीच, पण हे काय चाललंय म्हणून ओरडणाऱ्या दुसऱ्या मुलीलाही झाली, का तर 'शाळेत व्यत्यय आणणं' हा तिथे चक्क गुन्हा होता! ऑफिसरची नोकरी गेली, 2018ला कायदाही बदलला, ते ठीकच. पण मला सांगा, फोन काढला हे काम कोणाचं होतं? सरांचं, फार तर प्रिन्सिपलचं. पोलिस हाताशी असला की शाळेला आपलं काम त्याच्याकडे सरकवायची सवय लागते, आणि पोलिसाला पोलिसासारखंच वागता येतं, त्यात त्याचा तरी काय दोष.

हे थांबवता येतं बरं का. जॉर्जियातल्या क्लेटन काउंटीत स्टीव्हन टेस्की नावाचे बालन्यायालयाचे जज होते, त्यांच्या कोर्टात शाळेतल्या भांडणांच्या केसेसचा ढीग लागला होता. त्यांनी 2004मध्ये शाळा आणि पोलिसांना एकत्र बसवून करार करून घेतला की किरकोळ मारामारीला पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा समुपदेशन किंवा वर्कशॉप, आणि तिसऱ्यांदा कोर्ट. कोर्टात येणाऱ्या केसेस धडाधड कमी झाल्या.

तुमच्या राज्यात तर असा करार प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपला जिल्हा नव्हे) पोलिसांबरोबर करायचाच असतो. तो मागून घ्या, ईमेल टाकला तरी चालेल, लपवण्यासारखं त्यात काही नसतं. बंदूक, ड्रग्ज, लैंगिक गुन्हे हे पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारकच आहे, त्यावर वाद घालू नका. तुम्ही एवढंच बघा की ढकलाढकलीसारख्या गोष्टीत पहिलं पाऊल कोणी उचलायचं आणि पालकांना फोन कधी करायचा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये जाऊन विचारा, तीन मिनिटं का होईना बोलायला मिळतात, आणि आपली माणसं तिथे फारशी दिसत नाहीत म्हणून मुद्दाम सांगते.

मुलाला सांगायचं ते असं: ऑफिसरशी नीट बोल, पळू नको, हुज्जत घालू नको, खोटं तर अजिबात बोलू नको, पण एखाद्या भानगडीबद्दल विचारायला लागले तर "मला आधी आईबाबांशी बोलायचंय" म्हण आणि गप्प बस, काही लिहून देऊ नको, सही करू नको. नॉर्थ कॅरोलायनात तेरा वर्षांच्या एका मुलाला सातवीच्या वर्गातून उठवून पोलिसांनी बंद खोलीत अर्धा-पाऊण तास विचारपूस केली, त्याला सांभाळणाऱ्या आजीला फोन नाही की काही नाही, शेवटी त्याने चोरी कबूल केली. ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि 2011मध्ये कोर्टाने सांगितलं की 'आपण इथून उठून जाऊ शकतो' असं त्याला वाटलं असतं का (तसं वाटत नसेल तर ती कोठडीच, आणि मग पोलिसांनी आधी हक्क सांगायला हवेत), हे ठरवताना मुलाचं वय बघायलाच हवं. दप्तराचं मात्र वेगळं आहे. 1985च्या निकालाप्रमाणे (ती केस न्यू जर्सीतलीच, मुलीकडे सिगारेट आहे या संशयावरून पर्स तपासली होती) शाळेच्या लोकांना वाजवी संशय पुरतो, वॉरंट लागत नाही. म्हणून दप्तरात काय आहे ते तुम्हीच अधूनमधून बघत जा!

प्रश्न: ताई, मी टेक्सासमध्ये असतो. इथे 2023च्या कायद्याने प्रत्येक शाळेत बंदूकधारी ऑफिसर हवाच. दोन मुली आहेत मला, मला तरी त्यामुळे रात्री झोप लागते. तुम्ही लोक विरोध का करता? – एक बाबा

उत्तर: दादा, झोप लागते यावर मी काय बोलणार, मलाही मुलं आहेत. पण कोलंबाइनला शाळेचा डेप्युटी, म्हणजे तिथे नेमलेला पोलिस, होता, त्याने गोळ्याही झाडल्या, तरी त्या दिवशी 13 जण गेले. 2018ला फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा डेप्युटी इमारतीबाहेरच थांबला, आत 17 जण गेले, त्याच्यावर खटला झाला आणि 2023ला ज्युरीने निर्दोष सोडला. आणि तुमच्याच राज्यातलं युवाल्डी, 2022ला तिथल्या शाळेत गोळीबार झाला, डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलिस खातं होतं, हळूहळू 376 पोलिस जमले आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि दोन शिक्षिका. उलट बाजूही सांगते, 2018मध्येच इलिनॉयमधल्या डिक्सनला शाळेतल्या ऑफिसरने हल्लेखोराला वेळीच गाठलं, कोणीही दगावलं नाही. म्हणजे उपयोग होतो कधी कधी, पण खात्री कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

माझं दुखणं पैशाचं आहे खरं तर. तुमच्या कायद्याने 2023मध्ये राज्याकडून एका शाळेमागे वर्षाला 15 हजार डॉलर ठरले होते आणि मुलामागे 10, तेवढ्यात एका ऑफिसरचा पगार कुठून निघणार होता, बाकीचं डिस्ट्रिक्टच्या खिशातूनच. आणि मग काटछाट कुठे होते बघा. काउन्सेलरांची संघटना म्हणते अडीचशे मुलांमागे एक काउन्सेलर हवा. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूने 2019मध्ये सरकारी आकड्यांवरूनच दाखवलं की 17 लाख मुलं अशा शाळांत आहेत जिथे पोलिस आहे आणि काउन्सेलर एकही नाही. एखादं मूल महिनाभर गप्प गप्प असतं, डबा खात नाही, चित्रात भलतंच काढतं, ते दारावरच्या ऑफिसरला कसं दिसणार? ते दिसायला आत कोणीतरी बसलेलं लागतं. मुलींच्या शाळेत काउन्सेलर किती मुलांमागे एक आहे ते एकदा विचारा, मग झोपेचं बघू.

प्रश्न: नातवंडं तिकडे आहेत. 2020मध्ये शाळांतून पोलिस काढल्याच्या बातम्या वाचल्या होत्या, त्याचं पुढे काय झालं? – एक आजोबा

उत्तर: काका, गावोगाव वेगळं झालं. मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतला, त्यानंतर तिथल्या स्कूल बोर्डाने पोलिसांचा करार तोडला, ओकलंडने आपलं शाळा-पोलिस खातंच बंद केलं. डेन्व्हरनेही काढले होते, पण 2023मध्ये एका हायस्कूलमध्ये विद्यार्थ्याने दोन कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि काही दिवसांत पोलिस परत आले. शिकागोच्या बोर्डाने मात्र 2024मध्ये काढायचं ठरवलं. तिथली शाळा स्थानिक बोर्डाच्या हातात असते, दिल्लीहून आदेश आला असं नसतं, म्हणून नातवंडं नेमकी कुठे आहेत त्यावर सगळं.

यात काळ्या मुलांचा प्रश्न वगळून बोलताच येत नाही. 1957ला लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत नेऊन सोडायला अध्यक्ष आयझेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं होतं, म्हणजे गणवेश तेव्हा त्यांच्या बाजूने उभा होता. आणि 2015-16च्या सरकारी आकड्यांत काळी मुलं एकूण विद्यार्थ्यांत 15 टक्के, पण शाळेने पोलिसांकडे पाठवलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत 31 टक्के. 2020ला पोलिस काढा म्हणणाऱ्यांत शाळेतलीच मुलं इतकी का होती, ते यावरून कळेल तुम्हाला.