फ्रेंच लिहिताना अपूर्णविराम (:) कुठे द्यायचा आणि अर्धविराम (;) कुठे?

डेल्फ बी२ या फ्रेंचच्या परीक्षेच्या निबंधात ही दोन चिन्हं तुम्ही अंदाजाने टाकता आणि दर वेळी खाली लाल रेघ येते, असं तुम्ही लिहिलंय. मी फ्रेंच शिकवते, आणि हा गोंधळ प्रत्येक बॅचमध्ये भेटतो. आधी ही जोडी मोठ्याने वाचा.

मारी त्राव्हाय : ल बेबे दॉर.
मारी त्राव्हाय ; ल बेबे दॉर.

शब्द तेच. मारी काम करतेय, बाळ झोपलंय. पण पहिल्या वाक्यात बाळ झोपलंय म्हणून मारीला कामाला बसता आलंय. दुसऱ्यात घरात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालल्या आहेत, कोणामुळे काय ते लेखकाने सांगितलेलं नाही. एका टिंबाखाली शेपूट आली आणि कार्यकारणभाव गेला! मला फ्रेंचमधली ही जागा फार आवडते.

म्हणून लिहिताना चिन्हाच्या जागी मनात मराठी शब्द ठेवून बघा. ‘कारण’, ‘म्हणून’ किंवा ‘म्हणजे’ चपखल बसला तर अपूर्णविराम. ‘तर इकडे’ बसला तर अर्धविराम. मात्र अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य हवं. यादीची सुरुवात त्याने कधीच करू नका, ते काम अपूर्णविरामाचं. एकाखाली एक मुद्दे लिहिले, तर प्रत्येकाच्या शेवटी अर्धविराम आणि शेवटच्यापाशी पूर्णविराम.

दोन्ही चिन्हांनंतर छोटं अक्षर येतं. विशेषनाम असेल किंवा अपूर्णविरामानंतर कोणाचं बोलणं अवतरणात दिलं असेल, तरच मोठं. एका वाक्यात दोन अपूर्णविराम टाळा.

आपल्याकडची एक सवय मात्र आजच सोडा. शाळेत ‘विषय :-’ लिहून लिहून आपला हात आपोआप पुढे आडवी रेघ ओढतो. मराठीत त्याला कारण आहे, नुसती दोन टिंबं विसर्गासारखी दिसतात. फ्रेंचमध्ये विसर्ग नाही, त्यामुळे ती रेघ चूकच. तसंच ‘जेम’ (मला आवडतं) म्हटल्यावर लगेच अपूर्णविराम देऊन चहा, कॉफी मोजायला लागू नका. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये चिन्ह घालायचं नाही.

आता मोकळ्या जागेबद्दल, कारण तुमच्या बऱ्याच लाल रेघा बहुधा तिथल्याच असतील. फ्रान्समध्ये या दोन्ही चिन्हांच्या आधीही जागा सोडतात, नंतरही. छपाईत अर्धविरामाआधीची जागा बारीक असते, अपूर्णविरामाआधीची नेहमीएवढी. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात अपूर्णविरामाआधी जागा असते, अर्धविरामाआधी नसते. टाइप करताना साधी स्पेस दिलीत तर कधीतरी चिन्ह एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अर्जात नेमकं तसं झालं होतं. ‘मोतिव्हास्याँ’ एका ओळीत आणि दोन टिंबं पुढच्या ओळीत. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा, म्हणजे शब्द आणि चिन्ह एकमेकांना धरून राहतात. परिच्छेदाची भाषा फ्रेंच ठेवली असेल, तर वर्ड ही जागा बहुतेक वेळा स्वतःच घालतं.

पत्रात ‘मादाम’नंतर स्वल्पविराम द्या, अपूर्णविराम नको. तुमच्या निबंधातली अडलेली दोन-तीन वाक्यं खाली टाका, बघून सांगते.