खोक्यावरचं ‘8 मेगा’

भाऊ, सीताबर्डीतून आणलेल्या त्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या खोक्यावर ‘8 मेगा’ आहे ना, ते मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाही. 8 बिटांचा एक बाइट, म्हणजे अख्खा गेम 1 मेगाबाइटचा! मोबाइलमधला एक फोटो याहून जड असतो.

कन्सोलचे, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राचे, ‘8 बिट’ वेगळे. प्रोसेसर एका दमात किती बिट हाताळतो, ते त्यातून कळतं. वहीत आठ खाने आख, सगळ्यांत 1 लिही. उजवीकडून खान्यांची किंमत 1, 2, 4 अशी दुप्पट होत 128 पर्यंत जाते; बेरीज झाली 255. आता त्यात 1 मिळवून पाह्य. सगळे खाने शून्य होतात अन् हातच्याला जागाच उरत नाही. म्हणूनच निन्टेन्डोच्या 8 बिट कन्सोलवरच्या ‘झेल्डा’ या 1986 च्या गेमात रुपी (गेममधले पैसे) 255 वर अडतात. त्या कन्सोलची कामाची रॅम (चालू कामापुरती मेमरी) फक्त 2 किलोबाइट होती, तरी एवढा गेम चालायचा.

‘16 बिट’वर मात्र वाद घालू नको. सेगाच्या मेगाड्राइव्ह कन्सोलला 16 बिट म्हणायचे, पण त्याच्या 68000 प्रोसेसर चिपचे रजिस्टर (आकडे धरून ठेवायच्या आतल्या जागा) 32 बिटांचे होते.