.३०३ ली-एनफिल्डच्या सुट्या भागांवरचे शिक्के : कारखाना कसा ओळखायचा?

ली-एनफिल्ड ही ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल. तिच्या सुट्या भागांवरच्या शिक्क्यांवरून कारखाना कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला तीन खुणा सापडल्यात: बोल्ट हेडवर (बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकावर) "२", दुसऱ्या एका भागावर मुकुट, त्याखाली आकडा आणि "ई", आणि बॅरलवर "१८.५ टन्स". यातली एकही उत्पादकाची नाही. नंबर ४ रायफलच्या (ली-एनफिल्डचा दुसऱ्या महायुद्धातला नमुना) बोल्ट हेडवर ० ते ३ यापैकी जो आकडा असतो तो हेडच्या लांबीचा. हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि आत बसलेलं काडतूस यांच्यातलं अंतर) जुळवायला वेगवेगळ्या लांबीची हेड बनवत. मुकुट-आकडा-ई हा इंग्लंडमधल्या एनफिल्ड कारखान्याच्या तपासनिसाचा शिक्का. आणि टनांचा आकडा म्हणजे लष्कराने काढून टाकलेली रायफल बाजारात विकण्याआधी ब्रिटिश प्रूफ हाउसने (शस्त्रं तपासणारी संस्था) केलेल्या दाबचाचणीची नोंद. बरेच जण इथेच फसतात.

उत्पादकाची खूण बहुधा बारीक अक्षरांत असते. "ईएफडी" किंवा "ईडी" म्हणजे एनफिल्ड, "बी" म्हणजे बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), "एलबी" म्हणजे कॅनडातलं लाँग ब्रँच, चौकोनी वळणाचा "एस" म्हणजे अमेरिकेतलं सॅव्हेज, "आरएफआय" म्हणजे आपली बंगालमधली इशापूर रायफल फॅक्टरी. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांची नावं लपवायला सांकेतिक क्रमांक आले. "एम ४७ सी" हा बीएसएच्या शर्ली कारखान्याचा.

पण ही खूण फक्त त्या भागापुरती. शस्त्रागारात दुरुस्ती करताना हाताला येईल तो भाग बसवत, त्यामुळे एकाच रायफलीत तीन-चार कारखाने सहज निघतात. रायफल कोणत्या कारखान्याची ते बट सॉकेटवर (लाकडी दस्ता जिथे बसतो तो धातूचा भाग) पाहा: जुन्या एसएमएलईला (नंबर ४ च्या आधीचा ली-एनफिल्डचा नमुना) उजवीकडे, ब्रिटिश नंबर ४ ला डावीकडे. एसएमएलईवर मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल, मार्क (नमुन्याची आवृत्ती) अशा ओळी दिसतील. इशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर "जीआरआय" (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), स्वातंत्र्यानंतरच्यांवर अशोकस्तंभ. टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे सरकारी मालकी संपली.

शिक्के पुसट असतील तर पातळ तेल लावून अर्धा तास ठेवा, मऊ टूथब्रशने घासा, पुसून घ्या आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरा. तरीही वाचता येत नसेल तर खोबणीत खडू चोळा. तारेचा ब्रश आणि सॅंडपेपर अजिबात नको, उथळ शिक्का एकदा गेला की गेलाच. इशापूरच्या भागांवर काळा रंग जाड असतो. तो खरवडू नका, मूळ फिनिशच तो असू शकतो.

भारतात असाल तर शस्त्र कायदा, १९५९ नुसार सुटे भागही शस्त्रातच मोडतात. ते आधी बघा, फोटो नंतर टाका.

बोल्ट हँडलच्या मागचा नंबरही ताडून पाहा. तो बॉडीवरच्या (रायफलीच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावरच्या) नंबराशी जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, मग शिक्का एकाच कारखान्याचा का असेना.