कोर्टातल्या पेशीच्या दिवसाची रजा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रामबागेत तुझी आई भेटली. कोर्टाचं समन्स आल्यापासून तू धड झोपली नाहीस, म्हणाली. मला वाटलं, मोबाईल हिसकावून तुला रस्त्यावर पाडणाऱ्या त्या पोरांची धास्ती असेल. तर तुला घोर ऑफिसचा! नोकरीला चारच महिने झालेत, प्रोबेशन चालू आहे, रजा कोणत्या तोंडाने मागू? आणि कुणीतरी सुचवलंय की पोटात दुखतंय म्हणून कळवून टाक. ते अजिबात करू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

तुला माहीत आहे, पीथमपूरच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं हजेरीपत्रकं सांभाळली. तरीही माझ्या स्वतःच्या वेळी मी नेमकी हीच चूक केली. १९९६ साली आमच्याकडे घरफोडी झाली, चोर सापडला, मी साक्षीदार. इंदूरच्या एम.जी. रोडच्या कोर्टात तीनदा गेले आणि तिन्ही वेळा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून परत आले. कधी आरोपीचा वकील नाही, कधी जज्जसाहेब रजेवर. दर वेळी अर्जात ‘घरगुती काम’ लिहायची. कोर्टाचं नाव काढायची लाज वाटायची, जणू गुन्हा मीच केला होता. चौथ्या पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, रजा शिल्लक नव्हती, साहेबांनी बिनपगारीसुद्धा दिली नाही. मी कुठे जाते हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, तर ते तरी काय करणार? गेले नाही. पंधरा दिवसांनी रात्री पानं वाढलेली असताना शिपाई जमानती (जामीनपात्र) वॉरंट घेऊन दारात उभा. सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, “चोरी आपल्याकडे झाली ना गं? मग पोलीस तुझ्याकडे कसे?” तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

आता तुझं. आपल्याकडे गुन्हा सोसलेल्या माणसाला कोर्टात जाण्यासाठी खासगी नोकरीत वेगळी रजा देणारा सरसकट कायदा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तेवढा तक्रारदार बाईला चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मिळण्याची सोय करतो, तिच्या हक्काच्या रजेला हात न लावता. पण ती झाली तक्रार समितीपुढची चौकशी, तुझा खटला फौजदारी. कॅलिफोर्नियात गुन्ह्याचा फटका बसलेला कर्मचारी कोर्टात गेला म्हणून मालक त्याला काढू शकत नाही. न्यूझीलंडमध्ये घरगुती हिंसाचार सोसणाऱ्यांना २०१९ पासून वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा आहे. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मी ठामपणे म्हणते. जिने मार खाल्ला, तिनेच पगारही कापून घ्यायचा, हा अन्याय आहे.

तोवर तुझ्या हातात आहे तो समन्सचा कागद. तो क्षुल्लक समजू नकोस. कोर्टाचा शिक्का असलेला तो आदेश आहे आणि तो मोडला तर काय होतं ते वर सांगितलंच. आजच त्याची झेरॉक्स काढ आणि एचआरला मेल कर, टीम लीडरलाही त्यातच ठेव. तोंडी सांगून भागवू नको. इतकंच लिही: ‘अमुक तारखेला जिल्हा न्यायालयात फौजदारी खटल्यात साक्षीसाठी मला समन्स आहे, प्रत जोडली आहे. त्या दिवसाची रजा मंजूर करावी, हजेरीचा दाखला आणून देईन.’ काय झालं, कुठे झालं, हे सगळ्या फ्लोअरला सांगण्याचं काही कारण नाही. उद्या कुणी ‘न सांगता गैरहजर’ म्हणालं, तर हाच मेल तुझ्या बाजूने बोलेल.

आणि प्रत्येक तारखेला धावत जाऊ नकोस गं. खटला सरकार चालवतं. साक्षीसाठी समन्स असेल त्या दिवशी तुझं काम, बाकीच्या तारखा तुझ्यावाचून होतात. एफआयआर आहेच, त्यावरून केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर सरकारी वकिलांकडून मिळव आणि मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाक, पुढची तारीख घरबसल्या दिसते. हे माझ्या वेळी असतं तर दोन रजा वाचल्या असत्या.

कोर्टात पोचलीस की आधी सरकारी वकिलांना भेट आणि ‘मी आले आहे, आजच साक्ष घ्या’ असं स्पष्ट सांग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं) ३४६ वं कलम त्यांना ठाऊक असतं: साक्षीदार हजर असताना साक्ष न घेता तारीख वाढवायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं. जाण्यायेण्याचा खर्चही विचार, कलम ३५० खाली कोर्ट तो सरकारकडून देववू शकतं. रक्कम फार नसेल, पण माग. साक्ष झाली किंवा नाही झाली, तरी निघण्यापूर्वी रीडरकडून, म्हणजे जज्जांच्या कारकुनाकडून, हजेरीचा दाखला घे. त्यावर केस नंबर, तारीख आणि शिक्का आहे ना, तिथेच उभं राहून बघ. शिक्का राहिला म्हणून आमच्याकडचे किती दाखले परत गेलेत, ते मीच परत पाठवलेत.

ऑफिसने फारच ताणलं तर एकटीने भांडत बसू नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

मेलचा मसुदा लिहून ठेव आणि रविवारी सकाळी राजेंद्र नगरला ये. समन्सचा मूळ कागद आण, झेरॉक्स नको. पोहे करते, खाता खाता दोघी मिळून मसुदा वाचू. आणि पेशीच्या दिवशी त्या बाकावर मी तुझ्या शेजारी बसणार आहे, हे आईला सांगून ठेव.

तुझी,
मावशी