ससूनमधला ससून नेमका कोण?

प्रश्न : आई मागच्या महिन्यात आठ दिवस ससूनला अ‍ॅडमिट होती, आता बरी आहे. रात्री बाहेर बाकड्यावर बसून आमचा वाद चालायचा की हा ससून कोण? मामा म्हणतात पारशी, बायको म्हणते कोणीतरी गोरा साहेब. मुंबईचा ससून डॉक त्याचाच का? आणि पैसा अफूचा होता म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मामाही चुकले आणि वहिनीही, त्यामुळे घरात भांडण नको. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू. जन्म १७९२ चा. वडील सालेह ससून बगदादच्या पाशांचे, म्हणजे तिथल्या तुर्की सुभेदारांचे, खजिनदार, ज्यू समाजाचे प्रमुख, म्हणजे घराणं बडंच, पण दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचा इतका छळ सुरू झाला की बापलेकांना गाव सोडून इराणच्या बुशहर बंदरात पळावं लागलं आणि वडील तिथेच वारले. मग डेव्हिड बायकापोरं घेऊन १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. चाळिशीच्या घरातला माणूस, परका मुलुख, आणि सगळं शून्यातून!

इंग्रजी त्यांना जेमतेम. अरबी, हिब्रू, फारसी मात्र पक्की, आणि अंगावर शेवटपर्यंत बगदादी झगा आणि पागोटं. १८५३ ला ब्रिटिश नागरिक झाले तेव्हा सहीसुद्धा हिब्रूत ठोकली, मला तर हा किस्सा जाम आवडतो. खरं भांडवल म्हणजे मुलं. पहिल्या बायकोपासून दोन मुलगे, दुसरीपासून सहा, असे आठ, आणि धंद्याच्या गावोगावच्या पेढ्या पोरांनीच सांभाळायच्या, पगारी मॅनेजरवर भरवसा ठेवण्यापेक्षा घरचा माणूस बरा. दुसरा मुलगा इलियास १८४४ ला चीनला गेला, थोरला अब्दुल्ला, जो पुढे अल्बर्ट झाला, तो मुंबईत.

आता अफू. हो, खरं आहे. माळव्याची अफू मुंबईहून जहाजात भरून चीनला जायची, त्यात ससून मोठे व्यापारी होते आणि कंपनी सरकारला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट कर मिळायचा. चिनी घरंच्या घरं त्या व्यसनात बुडत होती हे कोणालाच माहीत नव्हतं असं मी तरी म्हणणार नाही. एकटे ससूनच होते असंही नाही, जे. जे. हॉस्पिटलवाले सर जमशेटजीसुद्धा त्याच धंद्यातले. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यातही ससूननी चांगलंच कमावलं. म्हणजे दवाखान्याच्या विटेत कापूस पण आहे आणि अफू पण. लोकांना दोन्ही एकत्र मान्य करायला जड जातं, म्हणून एकतर देवमाणूस करतात नाहीतर सरळ शिव्या.

दवाखाना पुरा झाला १८६७ ला, पण डेव्हिडसाहेबांनी तो पाहिलाच नाही, ते १८६४ ला पुण्यातच वारले. कॅम्पातलं लाल देऊळ माहितीये ना? ते देऊळ नाही, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, तेही त्यांच्याच पैशाचं, आणि आवारात त्यांची कबर आहे. हे सिनेगॉग आणि ससून, दोन्हींचा आराखडा विल्किन्स नावाच्या लष्करी इंजिनिअरचा. मामांना एकदा तिकडून फिरवून आणा, पारशीपणाचा विषय कायमचा मिटेल.

ससून डॉक मात्र वडलांचा नाही, अल्बर्टचा, १८७५ चा. कापसाच्या गाठी तिथे चढायच्या, आता कोळणी कोळंबी सोलतात. अल्बर्टचा भायखळ्याचा बंगला म्हणजे आजचं मसिना हॉस्पिटल. तोवर भावांचं फाटलं होतं, इलियासने १८६७ ला वेगळी कंपनी काढली. अल्बर्ट आधी सर झाला, पुढे इंग्लंडला जाऊन बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या किताबाचा मानकरी. डेव्हिडची मुंबईत जन्मलेली नात रेचेल बीअर लंडनच्या दोन पेपरांची संपादक झाली, तेही १८९० च्या दशकात! आणि पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा सिगफ्रीड ससून हा पणतू.

प्रश्न : मुंबईचा काळा घोडा पण यांचाच का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घोडा अल्बर्टने दिलेला, वर प्रिन्स ऑफ वेल्स बसलेला, १८७९ साली. शेजारची डेव्हिड ससून लायब्ररी वडलांच्या नावाची. १९६५ ला पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला, म्हणजे गंमत बघा, डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा टॉवर तिथेच आहे. चौकात आता जो दिसतो तो २०१७ चा नवा घोडा, त्याच्यावर कोणीच बसलेलं नाही.